अव्वा बसली की गाडी गचके खाते

गाडीने पहिला गचका अशोक चौकात खाल्ला, तेव्हा शिवपुत्र कलशेट्टींना वाटलं, रस्त्यात खड्डा असेल. सोलापुरात असं वाटण्यात काही चूक नाही. दुसरा गचकाही त्यांनी खड्ड्याच्याच नावावर टाकला. तिसऱ्या गचक्याला मात्र गाडी सिग्नलला उभी होती, आणि उभ्या गाडीखाली खड्डा चालत येत नाही एवढं त्यांना कळत होतं. इंजिन थरथरत होतं, आरसा थरथरत होता, आरशाला बांधलेली रुद्राक्षाची माळ थरथरत होती, आणि मागच्या सीटवर ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून, मांडीवर शेंगाच्या चटणीचा डबा धरून बसलेली त्यांची आई, चंद्रव्वा, तीही थरथरत होती.

"शिवा," ती म्हणाली, "माझं वझं हुतंय का रे ह्याला?"

शिवपुत्र हसले. पण गाडी त्याच क्षणी बंद पडली, आणि मागच्या रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवून सगळ्या चौकाला ती बातमी दिली.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. अव्वाला, म्हणजे शिवपुत्रांच्या आईला, जायचं होतं माहेरी. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून तिचं गाव, आणि तिथे तिची थोरली बहीण ईरम्मा. ईरम्माला आता भिंत धरल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यामुळे ती सोलापूरला येईल ही आशा कुणीच धरत नव्हतं. अव्वाने जायचं, एवढाच मार्ग उरला होता. एसटी होती, भाड्याची जीप होती. पण अव्वाचं म्हणणं, एसटीतून जाऊन जाऊन अर्धं आयुष्य गेलं, आता लेकाच्या दाराशी गाडी आहे तर अक्काच्या दारात त्याच गाडीतून उतरायचं. अक्काने एकदा डोळ्यांनी बघायचं. डोळे तेवढे अजून शाबूत होते तिचे, कान कधीच गेले होते.

ही गाडी शिवपुत्रांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. घेतली त्या दिवशी रफिक मिस्त्रीने त्यांना पुढचं टोपण, म्हणजे बॉनेट, उघडून इंजिनाची माहिती सांगितली. आत चार खोल्या आहेत, प्रत्येक खोलीत पेट्रोलची वाफ येते, वरून ठिणगी पडते, भडका उडतो, आणि असे भडके मिनिटाला हजारांनी उडत असतात, त्यावर गाडी चालते. शिवपुत्र एका कॉलेजात हेडक्लार्क. आयुष्यभर त्यांनी पाहिलेली सगळ्यात वेगवान वस्तू म्हणजे झेरॉक्सचं मशीन. ते ऐकून त्यांनी नकळत हात जोडले. घरी येऊन बायकोला, दानेश्वरीला, म्हणाले की आपण आगीच्या मागे दोन हातांवर बसतो आणि आपल्याला साधी झळ लागत नाही, केवढं नवल आहे हे. दानेश्वरी म्हणाली की आगीचं राहू द्या, आधी एसी चालतोय का ते बघा. काही माणसांना नवल वाटतच नाही, त्याला कोण काय करणार.

तेव्हापासून शिवपुत्रांनी इंजिनाला देवाच्या गाभाऱ्यासारखं मानलं. दर्शन घ्यायचं, हात लावायचा नाही. कॉलेजला जाता-येता तर टोपण उघडायचंच नाही. गावाबाहेर निघायचं असलं की मात्र त्यांचा एक विधी असे. सकाळी अंगणात टोपण उघडायचं, ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, उजेडात धरून कपाळाला आठ्या घालायच्या आणि पुन्हा खुपसायची. त्या पट्टीवर त्यांना काय वाचता येत होतं, हे त्यांनाच ठाऊक. मग इंजिनाला जरा वारा लागू दे म्हणून टोपण तसंच उघडं ठेवायचं आणि आंघोळ-पूजेला आत जायचं. सोसायटीतले लोक येता-जाता बघायचे, आणि लोक बघताहेत हे शिवपुत्रांना आवडायचं.

तर पहिल्या खेपेला गाडी ढकलून चौकाच्या कडेला आणली. अव्वा म्हणाली, आज राहू दे. तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं, आणि दुपारच्या उन्हात शिवपुत्र गाडी घेऊन रफिककडे गेले. जाताना गाडी आधी खोकली, मग कुरकुरली, आणि रफिकच्या गॅरेजात शिरली ती लोण्यासारखी. रफिकने कान लावला, गती वाढवली, उतरवली, पुन्हा कान लावला, आणि त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी डॉक्टर ठणठणीत रोग्याकडे बघतात.

"साब, इसमें तो कुछ बी नै," तो म्हणाला. "जब करेगी ना, तब लाव."

जेव्हा बिघडते तेव्हा ती येत नाही आणि येते तेव्हा बिघडलेली नसते, हे त्याला समजावता समजावता शिवपुत्रांना स्वतःचंच बोलणं बावळटासारखं वाटू लागलं.

दुसऱ्या खेपेसाठी पुन्हा रजा काढावी लागली. रजेच्या अर्जावर कारण म्हणून त्यांनी मागच्या वेळचंच लिहिलं, आईला माहेरी नेणे. प्राचार्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, की मागच्या महिन्यात नेलं होतं ना. नेलं होतं, पण पोचवलं नव्हतं, असं उत्तर द्यावं लागलं. ऑफिसात त्या उत्तरावर दोन दिवस चहा झाला.

या खेपेला गाडी अक्कलकोट नाक्यापर्यंत गेली आणि तिथे तिला पुन्हा तोच हिवताप भरला. भर रस्त्यात बंद. हवालदार आले. त्यांनी मदत करण्याच्या आधी पीयूसी मागितली, आणि पीयूसीची मुदत कधीच संपली होती. अव्वाला तशीच रिक्षाने परत पाठवून शिवपुत्र गाडी ढकलत, धापा टाकत, मग चालू झाल्यावर हळूहळू हाकत धूर तपासायच्या केंद्रावर गेले. तोवर इंजिन तापलं होतं आणि पुन्हा लोणी झालं होतं. तिथल्या माणसाने नळी लावली, आकडे बघितले आणि म्हणाला, एवढा स्वच्छ धूर आजकाल शोरूममधून निघालेल्या गाड्यांनासुद्धा नसतो. ताजा कागद छापून हातात दिला. गाडीत काहीही दोष नाही हे आता सरकारदरबारीसुद्धा नोंदलं गेलं होतं, आणि अव्वा ज्या कामाला निघाली होती ते काम तेवढं राहिलं होतं.

सोसायटीत यावर विचार सुरू झाला. पहिल्यांदा आले माउली कदम. मूळचे केम गावचे, रेल्वेतून निवृत्त. इंजिन या विषयावर त्यांच्याइतका अधिकार जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नाही असं ते स्वतः सांगत. त्यांचं मत, ही गाडी पेट्रोलची आहे हाच मूळ दोष, डिझेलला असलं काही होत नाही. मग मल्लेश चिलवेरी आले. मल्लेशचे एमआयडीसीत चादरींचे माग. त्यांनी सांगितलं की मागाचा धोटा अडकला की आवाज असाच येतो, तेव्हा आत काहीतरी अडकलंय. एकाने पेट्रोलमध्ये रॉकेल आहे म्हटलं, एकीने दृष्ट काढायला सांगितलं. शिवपुत्रांनी फिल्टर बदलला, पेट्रोल बदललं, दृष्टही काढली. रोज गाडी कॉलेजला जाई आणि येई. तक्रार म्हणून नाही. दानेश्वरीला घेऊन बाजारात जाई, तक्रार नाही.

मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कुणीतरी ते वाक्य बोललं. म्हातारी बसली की गाडी गचके खाते. बोलणाऱ्याने गंमत म्हणूनच म्हटलं असेल. पण असली वाक्यं पायाने चालत नाहीत, उडत येतात. संध्याकाळपर्यंत ते अव्वाच्या कानावर आलं.

अव्वाने काहीच आदळआपट केली नाही. तिने इरकली लुगड्याची घडी घातली, डांबरगोळी ठेवली आणि ट्रंकेचं झाकण लावलं. शिवपुत्र शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, तिच्या वडलांकडे एक बैल होता, तो एका माणसाला गाडीत बसू देत नसे. बाकी सगळ्यांना नेई, तो माणूस बसला की जागेवरून हलत नसे. मारलं तरी नाही. वडील त्या माणसाला म्हणाले, बाबा, तुझ्यात काय खोट आहे ते आम्हाला दिसत नाही, पण त्याला दिसतंय.

"जनावराला कळतं," अव्वा म्हणाली. "आता अक्काकडं जायचं न्हाय मला. तू उगं रजा काढू नकोस."

हे शिवपुत्रांना फार लागलं. घरात ज्या बाईच्या पायगुणाने सगळं आलं असं त्यांचे वडील शेवटपर्यंत म्हणत आले, तिला एका चार चाकी डब्याने अपशकुनी ठरवावं, आणि तिने ते मुकाट्याने मान्य करावं. त्या रात्री ते गाडीकडे बघतसुद्धा नव्हते. एवढे दिवस ज्याच्यापुढे हात जोडले, तो देव आईशी असा वागला.

सकाळी ते प्राचार्यांकडे तिसऱ्यांदा गेले. कारणाच्या रकान्यात आता आईचं माहेर लिहायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी 'घरगुती' असं लिहिलं. प्राचार्यांनी बजावलं की शुक्रवारी कॉलेजला तपासणीची कमिटी येणार आहे, सगळ्या फायली तुमच्या हाताखाली आहेत, गुरुवारी कुठे जायचं ते जा, शुक्रवारी सकाळी तुम्ही टेबलावर दिसला नाहीत तर मी कमिटीला तुमचा फोटो दाखवीन. शिवपुत्रांनी शब्द दिला.

त्यांचा बेत साधा होता. अव्वाला न घेता गाडी अक्कलकोट रस्त्याने वळसंगपर्यंत न्यायची आणि परत आणायची. गाडी नीट गेली असती तर काय सिद्ध झालं असतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता, किंवा केला होता आणि मनाच्या तळाशी दाबून टाकला होता. गुरुवारी सकाळी अंगणात टोपण उघडलं, पट्टी काढली, पुसली, आठ्या घातल्या. टोपण उघडं ठेवून आत गेले. परत आले, टोपण लावलं, दानेश्वरीला शेजारी बसवलं. अव्वा ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती, तिने वर बघितलं नाही. शिवपुत्रांनी किल्ली फिरवली.

गाडी थरथरली. अशी थरथरली की दानेश्वरीच्या हातातल्या बाटलीचं झाकण उडालं. फाटकाशी जाऊन तिने दोन गचके खाल्ले, एक उचकी दिली आणि ती बंद पडली.

शिवपुत्र दार उघडून बाहेर पडले आणि ओरडले, "अव्वा, बिघडली! तू बसली न्हाईस तरी बिघडली!"

पंचावन्न वर्षांचा हेडक्लार्क बंद पडलेल्या गाडीभोवती आनंदाने फिरतोय हे बघून अर्धी सोसायटी गोळा झाली. माउली कदमांना वाटलं, माणूस गेला कामातून. शिवपुत्रांनी रफिकला फोन लावला आणि सांगितलं, आत्ता करते आहे, आत्ता ये, मी तिला हलवत नाही. रफिक स्कूटरवर आला. गाडी चालू करायला लावली. थरथर ऐकून त्याच्या तोंडावर अशी खुशी पसरली की बघणाऱ्याला वाटावं, हाच आजार त्याला कधीचा हवा होता.

तो म्हणाला, चारातली एक खोली पेटत नाही. ठिणगी आत पडायच्या ऐवजी बाहेर गळत असणार. गळणारा करंट अंधारात डोळ्यांनी दिसतो. पण अंधार कुठून आणायचा, सकाळचे नऊ वाजलेत आणि हे सोलापूरचं ऊन. सगळे विचारात पडले. मल्लेश चिलवेरी घरी गेले आणि मागावरून नुकती उतरलेली, दुहेरी विणीची, थंडीत दोन माणसांना पुरेल अशी चादर घेऊन आले. तिच्यावर मोर होते. त्यांच्या घरात चादरींना तोटा नव्हता, पण ही त्यांनी निवडून आणली होती हे दिसत होतं.

इंजिन चालू ठेवून चादर उघड्या टोपणावर पांघरली. पंख्याकडची बाजू रफिकने घट्ट धरली. शिवपुत्रांनी खाली डोकं घातलं. आधी काही दिसलं नाही, नुसता गरम रबराचा वास आणि कानात घरघर. मग डोळे अंधाराला सरावले, आणि दिसलं.

दुसऱ्या प्लगच्या टोपीच्या मुळाशी एक निळी रेघ होती. केसाएवढी. ती उमटायची, विझायची, पुन्हा उमटायची, दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने, टोपीवरून खाली लोखंडावर उतरायची. तिला आवाज होता, अगदी बारीक, कुणी दाताखाली साखर फोडावी तसा. शिवपुत्र बघत राहिले. इतके दिवस ज्याला ते हात जोडत होते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज तो देव बाहेर येऊन त्यांच्या नाकापुढे नाचत होता. गाडी का बिघडली, कमिटी कधी येणार, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. त्यांना एवढंच वाटत होतं की हे आपल्या अंगणात चाललं होतं, रोज चाललं होतं, आणि आपण दूधवाल्याशी भांडत होतो.

रफिकने त्यांना खांद्याला धरून बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या चष्म्यावर वाफ होती. मग मल्लेश आत गेले. चादरीतून "देवुडा" असा त्यांच्या तेलुगूतला एक हळू शब्द ऐकू आला. माउली कदम गेले आणि बाहेर येऊन कुणालाच काही सांगेनात, हे त्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं. मग रांग लागली. बायका पदर सावरून वाकल्या. किराणा दुकानवाला आला. दानेश्वरीने आत डोकं घालण्याआधी चप्पल काढून ठेवली, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याकडे अशा नजरेने बघितलं, की इतके दिवस तुम्ही सांगत होतात ते हे होय.

शेवटी अव्वा उठली. गुडघ्यावर हात देत आली, चादरीखाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. बाहेर येऊन तिने विचारलं, गाडी ओढणारं ते हेच का. शिवपुत्र म्हणाले की हेच, पण ते आत पेटायला हवं, बाहेर सांडतंय.

रफिकने इंजिन बंद केलं, ती टोपी उपटली आणि खालच्या खड्ड्यात बॅटरी मारली. खड्ड्यात पाणी होतं. स्वच्छ, निवळशंख पाणी, त्यात बॅटरीचा उजेड हलत होता. टोपीचं रबर एका बाजूने चिरलं होतं आणि त्यातून ओल आत शिरली होती. गाडी तापली की ओल उडून जायची, म्हणून गॅरेजात पोचेस्तोवर आजार बरा.

आता प्रश्न आला, हे पाणी आलं कुठून. पाऊस होऊन कितीतरी महिने लोटले होते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी येईल ते सांगता येत नाही. माउली कदम म्हणाले की या शहरात माणसांच्या घरात पाणी येत नाही, ते इंजिनात कसं आलं याची चौकशीच व्हायला पाहिजे. रफिकने गाडी धुता का विचारलं, तर शिवपुत्रांना राग आला. इथे अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतोय माणूस, गाडी कशाने धुणार.

"मी घातलं की," अव्वा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने शांतपणे सांगितलं. तिच्या वडलांच्या घरून गाडी वेशीबाहेर निघायची, तर घरातली बाई आधी बैलांच्या पायावर पाणी घाली आणि ओल्या हाताने त्यांचं कपाळ पुशी. त्याशिवाय गाडी निघतच नसे. ते न करता निघालेल्या गाडीचं काय होतं हे बघायची वेळ त्यांच्या घरात कधी आली नव्हती.

"हितं बैल काय दिसंना," ती म्हणाली. "तू गावाला निघालास की ते झाकण उघडून आत जातोस. मला वाटलं, माझ्यासाठीच उघडून ठेवतोस. मग तांब्याभर घालते. माझ्या वाटणीचं आस्तंय ते, तुमच्या बादलीतलं न्हाय."

कुणी हसलं नाही. किराणा दुकानवाल्याने आपल्या चपलांकडे बघितलं. मल्लेश चादरीची घडी घालू लागले आणि ती त्यांना जमेना, जन्मभर चादरींच्याच घड्या घातलेल्या माणसाला. गाडी बिघडण्याचं कारण सापडलं होतं, आणि ते शेवटी फिरून अव्वाच्याच पायाशी आलं होतं. आता ती काय करील, ट्रंकेवर आणखी एक कुलूप घालील, या भीतीने ते तिच्याकडे बघत राहिले.

अव्वा रफिककडे वळली. "म्हंजे पाण्यानं हुतंय हे? मी बसल्यानं न्हाय?"

"हौ अम्मा," रफिक म्हणाला. "सिरफ पानी से."

अव्वाने एक लांब श्वास सोडला. "मग मी अपशकुनी न्हाय," ती म्हणाली. "नुसती येडी हाय की."

आणि ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. येडी असण्यात माणसाला केवढं सुख असू शकतं, हे शिवपुत्रांनी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी रफिककडून कोरडं फडकं घेतलं आणि ज्या इंजिनाला कधी बोट लावलं नव्हतं त्यात कोपरापर्यंत हात घालून तो खड्डा स्वतः पुसला, टोपी आतून पुसली, आणि लागतं त्याहून बराच जास्त वेळ पुसत राहिले, कारण मान वर केली असती तर त्यांचे डोळे सगळ्यांना दिसले असते. रफिक म्हणाला, टोपी नवी मागवतो, तोवर पाणी गेलंच तर असंच पुसा, बस.

इरकली लुगडं लगेच ट्रंकेतून बाहेर आलं. अव्वाने चाकांवर पाणी घातलं, पाय ते पाय, असं म्हणून. दानेश्वरीही बसली, गाडी निघाली आणि अशोक चौक गेला, नाका गेला, कुंभारी गेली, वळसंग गेलं, इंजिनाने एक अवाक्षर काढलं नाही. अक्कलकोट मागे पडलं, पाट्यांवर कानडी दिसू लागलं. आरशात शिवपुत्रांना दिसत होतं, अव्वाने तळहात दाराच्या काचेखाली सपाट टेकवून ठेवला होता आणि आतली थरथर, ती नेहमीची, निरोगी थरथर, ती हाताने ऐकत होती.

ईरम्मा उंबऱ्याशी उभी होती. गाडी दारात थांबली, अव्वा उतरली. ईरम्माने आधी गाडी बघितली, मग बहीण बघितली, मग पुन्हा गाडी. मग दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि आत जाऊन जात्याशेजारी बसल्या. ईरम्माला ऐकू येत नव्हतं, तरी अव्वा बोलत होती. ईरम्मा तिसऱ्याच गोष्टीवर उत्तर देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. भाकरी झाली, शेंगापोळी झाली, चहा झाला. उन्हं कलली. शिवपुत्रांनी घड्याळ पाहिलं. उद्या सकाळची कमिटी त्यांच्या डोळ्यांसमोर रांगेत उभी राहिली. त्यांनी हळूच म्हटलं, निघू या.

अव्वा लगेच उठली. नुसतं तोंड बघून यायचं असं ठरलं होतं, आणि तिने तोंड बघितलं होतं. तिच्या त्या लगेच उठण्याने शिवपुत्रांना कसंतरीच झालं.

ईरम्मा मात्र उठली. भिंत धरत आत गेली आणि भिंत धरत परत आली, तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला तांब्या होता. तीही त्याच घरची लेक होती. ती गाडीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि बंद टोपणाकडे बघू लागली. बैल कुठे आहे ते तिला कळेना. अव्वा घाईने म्हणाली, "अक्का, चाकावर घाल, चाकावर," पण ईरम्माला ऐकू कुठलं येणार. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. पाणी काठावरून सांडत होतं.

समोरच्या कट्ट्यावर गावातली माणसं बसून बघत होती. तांब्याभर पाणी पडलं की काय होणार, हे त्या सगळ्या गावात फक्त या तिघांना ठाऊक होतं. शिवपुत्रांनी ईरम्माकडे पाहिलं. मग ते खाली वाकले, दांडी ओढली आणि स्वतःच्या हातांनी टोपण उचलून धरलं.

ईरम्माने दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि इंजिनाच्या बरोबर कपाळावर ओतला. मग ओला हात त्यावरून फिरवला. दानेश्वरीने मागच्या सीटवरची आपली पिशवी उतरवून घेतली. शिवपुत्र आत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी थरथरली, खोकली, गचका खाल्ला आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. कट्ट्यावरची माणसं उठून आली. एकाने पेट्रोलमध्ये रॉकेल असेल म्हटलं. एकाने शहरातल्या माणसाने अशी गाडी घेऊच नये असा सल्ला दिला. एकजण ट्रॅक्टर आणून ओढू का म्हणाला. शिवपुत्रांनी सगळं खालमानेने ऐकून घेतलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि प्राचार्यांना सांगितलं की गाडी बंद पडली आहे, हद्दीवरच्या गावात अडकलोय, मिस्त्री मिळत नाही. पलीकडून जे बोललं गेलं ते त्यांनी फोन जरा लांब धरून ऐकलं.

अव्वा जवळ आली. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "शिवा, पुसायचं न्हवं ते?"

"उद्या पुसू, अव्वा," शिवपुत्र म्हणाले.

अव्वाने उंबऱ्याकडे बघितलं. ईरम्मा रिकामा तांब्या छातीशी धरून उभी होती.

"परवा पूस," अव्वा म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.